मिरजच्या पंखातली गाठ

परागचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. सकाळचे सव्वादहा झाले असतील. "नीलामावशी, आत्या गेली," एवढंच तो म्हणाला आणि मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्याचं कळल्यावर कुणी "बरं" म्हणतं का... पण उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढलेल्या बाईच्या तोंडून पटकन दुसरं काही निघत नाही. फोन ठेवला आणि उरलेली अर्धी जुडी निवडून संपवली, काड्या वेगळ्या, पानं वेगळी. पेपर हातात घेऊन हे स्वयंपाकघराच्या दारात आले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "कुमुद?" मी मान हलवली. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण तो मला ठाऊक होता. तुमचं मिटलं का, हा तो प्रश्न. नाही मिटलं.

कुमुद जाऊन आता दीड महिना होईल. डोंबिवलीत तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. चार माणसं बोलली आणि चौघांनीही एकच गोष्ट सांगितली, की कुमुदताईंनी आपल्या पक्ष्यांमध्ये दोष आहे म्हटल्यावर त्यांची वीण स्वतःहून बंद केली, केवढी ही निष्ठा, असा माणूस मिळायचा नाही. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. नंतर या पुरवणीच्या बाईंचा फोन आला, तुम्ही त्यांच्या सगळ्यात जुन्या मैत्रीण, तर त्या पक्षिप्रेमाबद्दल तुम्हीच लिहा. लिहिते म्हणाले. कुमुदने ती वीण का थांबवली हे मला जेवढं माहीत आहे तेवढं दुसऱ्या कुणालाही नाही, आणि ते मी तिच्यापासून सहा वर्षं लपवून ठेवलं. ते सांगायलाच मी बसले आहे. ज्यांना गोड आठवणी हव्या असतील त्यांनी इथे थांबलं तरी माझी हरकत नाही.

कल्याणच्या एक्स्चेंजमध्ये आम्ही एकाच आठवड्यात लागलो. ट्रंक कॉलचे दिवस होते. समोर बोर्ड, हातात दोऱ्या आणि दिवसभर "हॅलो मिरज, कल्याण बोलतेय," "हॅलो वर्धा, लाइन द्या". मी वैतागायचे, पलीकडच्या ऑपरेटरशी भांडायचे, सुपरवायझरची बोलणी खायचे. कुमुदचा आवाज कधी चढला नाही. आणि कान असा, की पलीकडची बाई नुसती खाकरली तरी ही सांगायची, आज अकोल्याला त्या नव्या मुलीची ड्यूटी आहे, तिला सर्दी झालीय. त्या बायकांची तोंडं आम्ही जन्मात बघितली नाहीत. पुढे बोर्ड गेले, ट्रंक कॉल गेला, आम्ही चौकशीच्या खिडकीवर बसलो आणि मग मुदतीआधी निवृत्ती घेऊन घरी आलो. मी ठाण्याला, वर्तकनगरात, नवरा आणि दोन मुलांच्या रगाड्यात. ती डोंबिवली पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, आईबरोबर. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, हे मी एकदाच विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, "तू केलंस ना, मग झालं की."

आई गेल्यावर वर्षभराने तिने कल्याणहून बजीची एक जोडी आणली. आपल्याकडे त्यांना सगळे लव्हबर्ड म्हणतात. दुकानदार म्हणतो, वॉचमन म्हणतो, मीही म्हणायचे. कुमुद दर वेळी शांतपणे सांगायची, "लव्हबर्ड वेगळा असतो गं, ही बजी." जोडीच्या चार जोड्या झाल्या. हॉलची एक भिंत पिंजऱ्यांनी भरली, प्रत्येक पिंजऱ्यात अंड्यांसाठी एक छोटं मडकं टांगलेलं, खाली राळ्याची टरफलं, जाळीला चोच घासायला समुद्रफेसाचा तुकडा. दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने टीव्ही पुसायचा, कारण पंखांची पांढरी धूळ बसायची. आणि नावं कुठली, तर एक्स्चेंजची. सातारा, वर्धा, अकोला, परभणी. मला फोन करून सांगायची, "काल साताऱ्याने परभणीला चोच मारली, दोघांना वेगळं केलंय." बसमध्ये कुणी ऐकलं असतं तर दंगल झाली असं वाटलं असतं. पिल्लं झाली की ती विकायची नाही, ओळखीत द्यायची. द्यायच्या आधी स्वतः त्या घरी जाऊन पंखा कुठे आहे, मांजर येतं का, पोरं हात घालतील का, सगळं बघून यायची. मी म्हणायचे, "अगं, सोयरीक जमवतेयस का पक्षी देतेयस?" त्यावर ती म्हणायची, "सोयरीकच आहे."

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी दोन महिने घरात अडकले, तेव्हा तिने मला मिरज आणून दिला. खरं सांगते, मला पक्षी-बिक्षी काही आवडायचं नाही. म्हटलं, हे काय गळ्यात घातलंस. पण तो आभाळी रंगाचा, मुठीत मावेल एवढा जीव चार दिवसांत माझ्या चष्म्याच्या काडीवर येऊन बसायला लागला आणि मी खलास. कानापाशी बसून अखंड पुटपुटायचा. ह्यांनी तर वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला सुरुवात केली, का तर तो ऐकतो म्हणे. मुलं परगावी, घरात आम्ही दोघं म्हातारी, आणि बघता बघता आमचं सगळं बोलणं मिरजबद्दल व्हायला लागलं. मिरज जेवला का, मिरज का गप्प आहे.

आठ-नऊ महिन्यांनी त्याच्या डाव्या पंखाच्या वळणावर मला गाठ लागली. आधी राळ्याच्या दाण्याएवढी, मग मटकीएवढी, पंधरा दिवसांत वाटाण्याएवढी. पंख थोडा उचलून धरायचा आणि सारखा तिथे चोच लावायचा. कुमुद सोमवारी आली. त्याला रुमालात धरून तिने हलकी फुंकर मारली, पिसं बाजूला झाली आणि आत पिवळट, टणक काहीतरी दिसलं. तिने फोटो काढले आणि इथेच ठाण्यात पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टर आहेत त्यांच्याकडे परस्पर जाऊन आली. संध्याकाळी तिचा फोन आला, आणि तो मला शब्द न् शब्द आठवतो. म्हणाली, "नीले, नवीन पीस कातडीतून बाहेर आलंच नाही. आतल्या आत वळत राहिलं, त्याची गाठ झालीय. आतल्या पिशवीसकट काढावी लागते, नुसती फोडली तर परत भरते. आणि पिळायची तर अजिबात नाही, तिथे रक्त असतं. शनिवारची वेळ घेतलीय, मी येते न्यायला. तोवर हात लावू नकोस." मग म्हणाली, "हे रक्तातून येतं बहुतेक. डॉक्टर म्हणाल्या, याच्या आईबापांची जोडी परत लावू नका. मी मडकं काढलं आत्ताच." एका जोडीचं मडकं. बाकीची तीन तशीच होती.

आता माझं ऐका. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण माझ्यासाठीच केलेली आहे. माझ्या माहेरी कुणाला केसतोड झालं की माझी आई गव्हाच्या पिठाची गरम पोटीस बांधायची, दोन दिवस शेकायची आणि तिसऱ्या दिवशी अंगठ्याने दाबून आतलं केसाचं मूळ काढायची. मीही दोन मुलांची, नवऱ्याची, शेजारणींची केसतोडं अशीच काढली आहेत. फोड दिसला की मला चैन पडत नाही. आणि कुमुदने सांगितलं त्यातलं मला काय ऐकू आलं, तर पीस आतच अडकलंय. म्हटलं, हे तर केसतोडच. केसाचं होतं तसं पिसाचं. एवढ्याशा जिवाला भूल द्यायची, कापाकापी करायची, आणि कुमुद बिनलग्नाची, हिला पोराबाळांचे फोड काय माहीत... हो, हेही माझ्या मनात आलं होतं. लाज वाटते, पण आलं होतं. मंगळवारी, बुधवारी मी त्याला कोमट मिठाच्या पाण्याने शेकलं. गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर ह्यांना म्हटलं, जरा धरा याला.

सुई गॅसवर लाल करून घेतली, गार केली, टोचली आणि दाबलं. आतून पिवळं, भुसभुशीत, सुकलेल्या पनीरसारखं काहीतरी निघालं आणि त्याच्या मध्ये गुंडाळी झालेलं एक बारीक पीस. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, बघा, निघालं की नाही मुळासकट. त्यानंतर रक्त आलं. एक थेंब आला, मी पुसला. मग दुसरा, मग ते थांबेचना. हळद दाबली, हळद वाहून गेली. तुरटी फिरवली. बर्फ लावला. हे म्हणत होते, "अगं डॉक्टरला फोन कर, कुमुदला फोन कर," आणि मी म्हणत होते, थांबेल, आता थांबेल. त्या रुमालावर फार डाग पडला नव्हता, पण त्या जिवात रक्त असून असून किती असणार. त्याने डोळे अर्धे मिटले, दोनदा चोच उघडली, आणि ह्यांच्या हातात मान टाकली. पाच-सात मिनिटांत सगळं झालं. हे किती वेळ तसेच हात पुढे करून बसून होते.

फोन मी संध्याकाळी केला. दुपारभर मी काय बोलायचं तेच जुळवत होते. म्हणाले, "कुमुद, मिरज गेला. दुपारी झोपून उठले तर पिंजऱ्यात खाली पडलेला. गाठ आपोआप फुटली बहुतेक, रक्त होतं." मग तिने विचारलं, "कुठे आहे तो?" म्हटलं, खाली कण्हेरीपाशी पुरला. हे खरं होतं. तेवढंच एक खरं होतं. ती म्हणाली, "आजची वेळ मिळत होती गं. आज आमच्या सोसायटीची मीटिंग, मी सेक्रेटरी, म्हणून मी शनिवार घेतला. मीटिंगसाठी मारला मी त्याला." हे समोर बसले होते. मी फोन ठेवल्यावर म्हणाले, "तिला सांगून टाक. उद्याच सांग. जितके दिवस जातील तितकं जड होईल." मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

दुसऱ्या दिवशी तिने उरलेली तिन्ही मडकी काढली. चारही जोड्या मोडल्या. नर हॉलमध्ये, माद्या आतल्या खोलीत, मध्ये दार कायम बंद. पुढल्या आठवड्यात मी गेले तेव्हा दोन्हीकडून नुसता कालवा चालला होता. हॉलमधून एक ओरडला की आतून चौघी ओरडायच्या. कुमुद मला चहा देत म्हणाली, "होईल सवय. नुसती गाठ झाली असती तर कापून काढता आली असती. पण आपोआप फुटून दुपारच्या दुपारी पक्षी जातो म्हणजे हा साधा दोष नाही. मी आणखी पिल्लं जन्माला घालायची नाहीत." मी चहा प्यायले. तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, आणि तिला वाटलं मी मिरजच्या दुःखात आहे. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पण ती नुसती स्वतःपुरतं करून थांबणारी नव्हती. जिथे जिथे तिने पिल्लं दिली होती त्या प्रत्येक घरी जायचं तिने ठरवलं आणि सोबतीला मला घेतलं. कळव्याला गेलो, कल्याणला गेलो, आणि दिव्याला गेलो. दिव्याला सुरेखा राहायची, आधी ती कुमुदच्या इमारतीत भाड्याने होती. चिंचोळा जिना, दारात पाण्याचे तीन ड्रम भरून ठेवलेले, आणि खिडकीत पिंजरा. कुमुद दारातूनच बोलायला लागली, प्रत्येक घरी बोलायची तेच. "सुरेखा, माझ्याकडच्या पक्ष्यांत दोष आहे. ठाण्याला हिच्याकडचा त्यानेच गेला, रक्त जाऊन गेला. आधी पंख बघू दे." सुरेखा म्हणाली, "काय ताई, हा एकदम मस्त आहे. खातोय, पितोय, शिट्ट्या मारतोय, टेन्शन नका घेऊ." पण कुमुदने फुंकर मारली आणि गाठ निघाली. मुगाएवढीच. तिने तिथल्या तिथे पक्षी उचलला, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेला. भूल देऊन गाठ पिशवीसकट काढली, दोन टाके घातले, दहा दिवस कुमुदने त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात एकटं ठेवून राळं भिजवून भरवलं. पंख जरासा खाली लोंबता राहिला, पण पक्षी जगला आणि सुरेखाकडे परत गेला.

तो जगला तेव्हा मला वाटलं होतं, आता सुटले. आता हिला कळेल की गाठ म्हणजे मरण नव्हे. पण त्याला परत सोडून येताना दिव्याच्या स्टेशनबाहेर ती मला म्हणाली, "बघितलंस ना, कापली तर जगतात. मिरज माझ्या दोन दिवसांच्या दिरंगाईने गेला. आणि कोण कुठे किती दिवस उशीर करील हे आपल्या हातात आहे का..." मी काहीतरी बोलले असेन, उन्हाबद्दल वगैरे. ह्यांना घरी आल्यावर मी हे सांगितलं तर ते ताटावरून उठले. माझे यजमान चाळीस वर्षांत ताटावरून उठलेले नव्हते.

पुढची वर्षं कशी गेली हे एका ओळीत सांगता येतं. एकेक पक्षी म्हातारा होत गेला आणि मरत गेला, आणि दर वेळी तिचा मला फोन यायचा. "सातारा गेला." "परभणी गेली, रात्री बसल्या जागी." तोच शांत आवाज. मी विचारायचे, गाठ होती का गं? नाही, वयाने गेली. खरं सांगायचं तर त्या आठ जणांपैकी एकाच्याही पंखात नंतर गाठ झाली नाही. मिरजचे आईबापसुद्धा वयाने गेले. दर फोनला मला वाटायचं, आत्ता, आत्ता सांगावं. दर फोनला मी "बरं" म्हणायचे. लोक मला तोंडाळ म्हणतात, भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत कुणाला मी सोडलेलं नाही. पण कुमुदपुढे माझी जीभ टाळूला चिकटायची.

दीड-दोन वर्षांपूर्वी तिला खोकला लागला. कोरडा, न थांबणारा. आधी जिना चढून आल्यावर, मग बसल्या बसल्या. तपासण्या झाल्या आणि छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं की फुफ्फुसं कडक होत चालली आहेत, बऱ्याच वर्षांची पक्ष्यांच्या पंखांची धूळ आत गेलेली दिसतेय, आधी पक्षी घरातून हलवा. पाचच उरले होते तेव्हा, जोड्या मोडण्याआधीच्या शेवटच्या विणीतले. परागने, तिच्या भावाच्या मुलाने, लगेच सांगितलं, "आत्या, मी कळव्याला नेतो. आमच्याकडे गच्चीला लागून खोली आहे, बायकोचीही हरकत नाही." कुमुद नाही म्हणाली. दुकानात दे म्हटलं, तर म्हणाली, दुकानदार दुसऱ्या दिवशी मडकं टांगेल. परागला म्हणाली, "तुझ्या घरात मी हे नाही पाठवणार. एखाद्या दुपारी तू ऑफिसात असशील, बायको झोपलेली असेल, आणि उठून बघेल तर रक्त. मी तो फोन घेतलाय एकदा." तिने तोंडाला फडकं बांधलं आणि पिंजरे पुसत राहिली.

तो फोन माझा होता. तो मी रचलेला होता.

त्या संध्याकाळी ह्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "आता हा पक्ष्याचा प्रश्न राहिलेला नाही. तू सांगितलंस तर ती पक्षी देईल. नाही सांगितलंस तर ती त्या धुळीत बसून राहील." मला कळत नव्हतं असं नाही. मी दुसऱ्याच दिवशी डोंबिवली गाठली. दाराबाहेर चपला काढताना मी पहिलं वाक्यसुद्धा ठरवलं होतं. पण तिने माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली होती, श्वास लागत असताना, आणि त्या दिवशी ती हसत होती, एक्स्चेंजच्या गोष्टी काढत होती. मी म्हटलं, आज नको, आजचा दिवस बरा गेलाय, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी परागची बायको होती. त्याच्या पुढच्या वेळी तिला ताप होता. असं करत करत चौदा महिने गेले, आणि ती हॉस्पिटलात जाऊन पडली. मी डॉक्टरांना विचारलं होतं, पक्षी तेव्हाच हलवले असते तर? ते म्हणाले, ठामपणे नाही सांगता यायचं, पण फरक पडला असता. ते सहज बोलून गेले, पुढच्या पेशंटकडे गेले.

सांगितलं ते हॉस्पिटलात. दुपारची वेळ होती, पराग जेवायला खाली गेला होता. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी खुर्ची ओढून बसले आणि सगळं बोलून टाकलं. शेक, सुई, हळद, ह्यांचे हात, सगळं. ती माझ्याकडे बघत होती. मग तिने मास्क खाली ओढला आणि विचारलं, "गुरुवारी?"

"हो, गुरुवारी दुपारी."

"म्हणजे शनिवारपर्यंत तो राहिला असता."

"हो."

ती छताकडे बघायला लागली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं, कारण गेली सहा वर्षं मी तेच करत आले होते. मोडलेल्या चार जोड्या, काढलेली मडकी, बंद दार, दिवा, कळवा, कल्याण, परागला दिलेला नकार, एकेक ती मोजत होती. मग म्हणाली, "आता कशाला सांगितलंस, नीले?" आणि मास्क स्वतःच्या हाताने वर घेऊन भिंतीकडे वळली. उत्तर होतं, पण ते तिला देण्यासारखं नव्हतं. माझ्याच्याने आणखी ओढवत नव्हतं म्हणून सांगितलं. माझं ओझं मी तिच्या छातीवर ठेवलं, आणि त्या छातीत तेव्हा श्वास घ्यायचं बळ नव्हतं. त्यानंतर ती बारा दिवस होती. मी तीनदा गेले. तिन्ही वेळा तिचे डोळे मिटलेले. झोप होती की नाही, देव जाणे.

तेराव्यानंतर परागने मला तिच्या घरी बोलावलं, काही कागद, काही साड्या बघायच्या होत्या. हॉलमध्ये तीन नर, आतल्या खोलीत दोन माद्या. मधलं दार आता सताड उघडं होतं, पराग येता-जाता बंद करायला विसरत असणार. तिच्या खुर्चीच्या पाठीवर ते तोंडाला बांधायचं फडकं, धुऊन, घडी घालून ठेवलेलं. जोड्या मोडल्या तेव्हा हे पाच उडायला लागले होते की अगदी पिल्लं होते ते मला आठवेना, आणि आता विचारायचं कुणाला. पराग म्हणाला, "मावशी, पक्ष्यांचं ठरलंय. सुरेखाताई तीन नेतायत दिव्याला, दोन मी नेतोय." मी म्हटलं, "एक मला दे रे. एकच दे." मला वाटलं तो लगेच हो म्हणेल. तो साड्यांच्या गठ्ठ्याशी उगाच काहीतरी करत राहिला आणि मग म्हणाला, "अगं, आत्याने सांगितलेलं मला, हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात. मास्क काढून मुद्दाम बोलली. म्हणाली, आता पक्षी कुणालाही दे, माझी हरकत नाही. फक्त नीलाला देऊ नकोस." माझं तोंड बघून तो घाईघाईने म्हणाला, "तुला या वयात व्याप नको म्हणून असणार. तिला तुझी काळजीच होती ना."

मी म्हटलं, हो रे, तसंच असेल. चहा प्यायले, दोन साड्या घेतल्या आणि घरी आले.

पराग, तुमच्याकडे हीच पुरवणी येते. म्हणून इथे लिहिते आहे. तसं नव्हतं.